विमा कार्डाचा की माणसाचा?

जून २०२२ मध्ये अमरावती व अकोला या शहरांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंडपणे अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्या विक्रमाची नोंद झाली. या रस्त्याचे खड्डे वर्षानुवर्षे सोसलेल्या वऱ्हाडी माणसाला त्याचा आनंद झाला असल्यास त्यात वावगे काही नाही. ज्या मजुरांनी जूनच्या काहिलीत रात्रंदिवस ते काम केले, त्यांचे कौतुकही व्हावयास हवे. परंतु रस्ता किती तासांत झाला हे जगाला कळले. त्याच रस्त्यावर एखाद्या गाडीखाली सापडलेल्या माणसाच्या घरी नुकसानभरपाईचा पहिला रुपया किती दिवसांनी पोहोचतो, हे मोजावयास कोणी घड्याळ लावून बसलेले नाही. रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो, आणि वेग वाढला की अपघातानंतर कोणाचे काय, हा प्रश्न अधिक निकडीचा होतो.

या प्रश्नाचे एक उत्तर अलीकडे मोठ्या शहरांतून वऱ्हाडात येऊ लागले आहे. ते उत्तर म्हणजे कार्ड. पुण्या-मुंबईस नोकरी करणारा मुलगा दिवाळीस गावी येताना मोबाईलवरून भाड्याची गाडी ठरवितो, ती स्वतःच चालवितो आणि वडिलांनी विम्याविषयी विचारले तर ‘कार्डावर आहे’ असे सांगून मोकळा होतो. मुले अमेरिकेस गेलेली आहेत अशा घरांतून तर हे वाक्य अधिकच विश्वासाने उच्चारले जाते. ‘कार्डावर आहे’ म्हणजे नेमके काय आहे, कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे तपासून पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते. कारण कार्ड आता केवळ नोकरदाराच्या खिशात राहिलेले नाही. अकोट-तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याकडे किसान क्रेडिट कार्ड आहे आणि धारणीच्या मजूर बाईच्या पेटीत जनधनचे रुपे कार्ड आहे. या कार्डांच्या पाठीवरही विमा बसवून दिलेला आहे.

पत्र्याचे संरक्षण

भाड्याच्या गाडीसाठी क्रेडिट कार्डावर मिळणाऱ्या विम्याची प्रथा मुख्यतः अमेरिकेतली. तेथे गाडी भाड्याने देणारी कंपनी गाडीच्या नुकसानीबद्दल ग्राहकाकडून दररोज वेगळी रक्कम घेऊ पाहते. ती रक्कम टाळावयाची असल्यास अनेक कार्डे म्हणतात, ‘नुकसान आम्ही भरू.’ मात्र त्यास अटी आहेत. संपूर्ण भाडे त्याच कार्डाने दिलेले असावे. कंपनीचे स्वतःचे संरक्षण ग्राहकाने नाकारलेले असावे. करारात ज्याचे नाव आहे त्यानेच गाडी चालविलेली असावी. ठराविक दिवसांहून अधिक काळ गाडी घेतलेली नसावी. मालवाहू गाडी, अतिशय महाग गाडी व काही देश यांतून वगळलेले असतात. बहुतेक कार्डांचा विमा दुय्यम असतो, म्हणजे ग्राहकाचा स्वतःचा मोटारविमा आधी खर्ची पडतो आणि उरलेल्या रकमेपुरते कार्ड पुढे येते.

या सर्व अटी पाळल्या तरी हा विमा भरून देतो ते भाड्याच्या गाडीचे नुकसान किंवा तिची चोरी. त्या गाडीने रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसास उडविले तर त्याच्या औषधोपचाराचा, त्याच्या बुडालेल्या मजुरीचा किंवा त्याच्या मृत्यूचा भार कार्डाचा विमा उचलीत नाही. तिसऱ्या पक्षाची जबाबदारी त्यातून स्पष्टपणे वगळलेली असते. हे संरक्षण पत्र्याचे आहे. ते ज्याच्याजवळ कार्ड आहे त्याचा खिसा सांभाळते. ज्याच्या अंगावरून चाक गेले त्याचा त्या करारात उल्लेखही नसतो.

भारतातील कार्डांवर भाड्याच्या गाडीचा असा विमा सर्रास मिळतो, असा समज करून घेणे तर अधिकच धोक्याचे. येथील कार्डांवर बहुधा अपघाती मृत्यूचा, विमानप्रवासाचा किंवा हरवलेल्या कार्डाच्या गैरवापराचा विमा असतो. मुलगा परदेशात ऐकलेला नियम अमरावतीच्या गाडीस लावतो, आणि गाडी ठोकल्यावर त्याला कळते की भाड्याच्या करारात नुकसानीची काही रक्कम ग्राहकावरच टाकलेली आहे. तो करार इंग्रजीत असतो, मोबाईलच्या पडद्यावर असतो आणि न वाचताच त्यास संमती दिलेली असते.

पांढरी पाटी, पिवळी पाटी

वऱ्हाडात भाड्याची गाडी म्हणजे अजूनही मुख्यतः ड्रायव्हरसह ठरविलेली गाडी. लग्नसराईत दर्यापूर, अंजनगाव किंवा मूर्तिजापूरहून निघणाऱ्या वरातीतल्या गाड्यांच्या पाट्यांकडे पाहिले तर काही पिवळ्या, म्हणजे टॅक्सी पासिंगच्या, तर काही पांढऱ्या, म्हणजे खाजगी आढळतात. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणे कायद्यास मान्य नाही. तिचा विमा खाजगी वापराचा असतो, हप्ता त्या हिशेबाने भरलेला असतो, आणि गाडी भाड्याने दिली होती हे उघड झाल्यावर विमा कंपनी मालकाचा दावा नाकारते.

येथे मालकास दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु हा मालक बहुधा बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे कर्ज काढून गाडी घेतलेला बेकार तरुण किंवा लहान दुकानदार असतो. गाडी स्वतः चालविण्यास भाड्याने देण्याचा रीतसर परवाना कोणास मिळावा, हे १९८९ च्या केंद्रीय योजनेने ठरविले. त्यात किमान ५० गाड्यांचा ताफा बाळगण्याची अट घातली गेली. ही अट मोठ्या भांडवलाच्या कंपनीस पेलण्यासारखी होती. अकोल्याच्या तरुणास दोन गाड्यांवर असा धंदा रीतसर करावयाचा असेल तर त्याच्यासाठी त्या योजनेत दार नव्हते. दार बंद ठेवावयाचे आणि माणूस कुंपणावरून आला की त्यास गुन्हेगार ठरवावयाचे, हा व्यवहार न्यायाचा नव्हे.

न्यायालयांनी मात्र या बाबतीत विमा कंपन्यांहून अधिक माणुसकी दाखविली आहे. खाजगी वापराच्या विम्याची गाडी भाड्याने दिलेली असताना अपघात झाला, म्हणून दावा सर्वस्वी नाकारता येणार नाही, काही अंशी तरी भरपाई द्यावी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अमलेंदु साहू यांच्या खटल्यात ठरविले. आणि जखमी तिसऱ्या माणसाच्या बाबतीत तर अटींचा भंग झालेला असला तरी कंपनीने आधी भरपाई द्यावी व मागाहून ती मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग न्यायालयाने अनेक निकालांत दाखवून दिला आहे.

हा मार्ग शक्य झाला त्याचे कारण कायद्यात आहे. तिसऱ्या पक्षाचा विमा १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केला आणि १९८८ च्या कायद्याने ती सक्ती कायम ठेवली. ज्याला धडक बसली त्याच्याजवळ कार्ड आहे काय, त्याने हप्ता भरला होता काय, हे हा कायदा विचारीत नाही. रस्त्यावरील कोणाही माणसाला, तो माणूस आहे एवढ्याच नात्याने, हा कायदा संरक्षण देऊ पाहतो. त्याची अंमलबजावणी ढिली आहे, अनेक दुचाक्या व ट्रॅक्टर विम्यावाचून धावतात, खटले रेंगाळतात, हे सारे खरे. तरीही त्यामागील तत्त्व कार्डाच्या तत्त्वाहून थोर आहे.

नव्वद दिवसांची अट

आता वऱ्हाडच्या स्वतःच्या कार्डाकडे वळू. किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ साली आली. पेरणीच्या दिवसांत सावकाराच्या ओसरीवर बसावे लागू नये, हा तिचा हेतू चांगलाच होता. त्या कार्डास अपघात विम्याची जोड देण्यात आली. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५० हजार रुपये, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास २५ हजार रुपये. वर्षाचा हप्ता १५ रुपये. त्यातील १० बँकेने भरावयाचे, ५ शेतकऱ्याने. विहिरीत पडून, थ्रेशरमध्ये हात जाऊन किंवा ट्रॅक्टर उलटून मेलेल्या वा अपंग झालेल्या कार्डधारकांच्या किती घरांना या ५० हजारांची वार्ता तरी होती? बँकेची माणसे घरी येतात ती थकबाकीची नोटीस घेऊन. कर्जाची आठवण करून देण्याची जशी व्यवस्था आहे, तशी हक्काची आठवण करून देण्याची नाही.

जनधन योजना ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या रुपे कार्डावर एक लाख रुपयांचा अपघात विमा देण्यात आला. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना तो दोन लाखांचा करण्यात आला. परंतु त्यास एक अट जोडलेली आहे. अपघातापूर्वीच्या ९० दिवसांत खातेदाराने स्वतः होऊन किमान एक व्यवहार केलेला असला पाहिजे. सुरुवातीस ही मुदत ४५ दिवसांची होती, ती वाढवून ९० केली गेली. खात्यात रोजगार हमीची मजुरी जमा झाली, सरकारी अनुदान आले, तरी तो खातेदाराने केलेला व्यवहार ठरत नाही.

या अटीचा अर्थ मेळघाटात जाऊन समजून घ्यावा. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर कामाच्या शोधात खाली उतरतात. कोणी परतवाड्याकडे, कोणी अकोल्याकडे, कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर जाते, आणि होळी आली की ती गावी परततात. दिवाळी ते होळी हे अंतर चार महिन्यांहून अधिक, म्हणजे १२० दिवसांहूनही मोठे. या काळात मालक जेवणखाणापुरती उचल देतो, हिशेब शेवटी होतो, आणि बँकेची पायरी चढण्याचे कारणच पडत नाही. कार्ड गावी पेटीत, गुप्त क्रमांकाच्या न उघडलेल्या पाकिटासह. अशा माणसास एकशेएकाव्या दिवशी ट्रकने उडविले तर त्याचा विमा अकरा दिवसांपूर्वीच संपलेला असतो. ज्या दिवसांत त्याच्या जिवास अधिक धोका, नेमके त्याच दिवसांत त्याचे संरक्षण नाहीसे होते. अमेरिकेत संपूर्ण भाडे कार्डाने न भरणाऱ्या प्रवाशाचा विमा जसा उडतो, तसाच हा उडतो. फरक इतकाच की तेथे गाडीचा पत्रा गेलेला असतो आणि येथे घरातला कर्ता माणूस.

बँका यावर म्हणतात की खाते चालू राहावे, लोकांना व्यवहाराची सवय लागावी, यासाठी ही अट आहे. सवय लावण्याचा हेतू वाईट नाही. परंतु सवय लागली नाही याची शिक्षा विधवेस देणे, ही सवय लावण्याची कोणती रीत? शाळेत मूल गैरहजर राहिले म्हणून त्याच्या आईचे रेशन कोणी बंद करीत नाही.

फुकटाची किंमत

कार्डावरील विमा ‘मोफत’ मिळतो, असे जाहिरातीत सांगितले जाते. त्या मोफतचा हिशेब मांडून पाहावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ मध्ये आली. तीत अपघाती मृत्यूबद्दल दोन लाख रुपये मिळतात. तिचा वार्षिक हप्ता आरंभी १२ रुपये होता, जून २०२२ पासून तो २० रुपये झाला. तिला कार्ड वापरण्याची अट नाही. मात्र हप्ता कापण्याच्या दिवशी खात्यात पैसे असावे लागतात. म्हणजे दोन लाखांच्या अपघात विम्याची किंमत वर्षाला २० रुपये, तर एक लाखाची १० रुपये. जनधन कार्डावर जे संरक्षण देऊन गरिबांवर उपकार केल्याचा गाजावाजा होतो, ते या दराने वर्षाकाठी १० ते २० रुपयांचे. एका कटिंग चहाच्या पैशासाठी ९० दिवसांची अट लावून ठेवावयाची आणि मेलेल्या माणसाचे व्यवहार तपासत बसावयाचे, हे कोणत्या हिशेबाने शहाणपणाचे?

वरच्या थरातील क्रेडिट कार्डाचे मोफतही असेच. त्यावरील सवलतींचा पैसा दुकानदाराकडून घेतल्या जाणाऱ्या आकारातून आणि वेळेवर बिल न भरू शकणाऱ्या ग्राहकाच्या व्याजातून उभा राहतो. हे व्याज महिन्याला तीन टक्क्यांवर आणि वर्षाला चाळीस टक्क्यांच्याही पुढे जाते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांवरील असे व्याज ही अनुचित प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. परवानाधारक सावकाराच्या व्याजाला महाराष्ट्रात कायद्याची कमाल मर्यादा आहे. कार्डाच्या व्याजाला तशी मर्यादा उरलेली नाही. तेव्हा ऐपतदाराच्या विम्याचा हप्ता अडचणीत सापडलेला कर्जदार भरीत असतो, असे म्हटल्यास ते चुकीचे होणार नाही.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याने हा अनुभव पीक विम्याच्या निमित्ताने घेतलेला आहे. २०१६ पासून आलेल्या योजनेत कर्जदारास विमा सक्तीचा होता. कापसास पाच टक्के व सोयाबीनला दोन टक्के या दराने हप्ता कर्जखात्यातून परस्पर कापला जाई. २०२० च्या खरिपापासून सक्ती गेली. राज्य शासनाने २०२३ मध्ये तोच विमा एक रुपयात दिला आणि २०२५ मध्ये ती सवलत काढून घेतली. दिलेले परत घेता येते, कारण ते हक्क म्हणून दिलेलेच नसते.

ज्यांच्याजवळ काहीच नाही

कार्डाशिवाय, कंपनीशिवाय संरक्षण देता येते, हे याच राज्याने सिद्ध केले आहे. शेतकऱ्यांसाठी राज्याची अपघात विमा योजना विमा कंपन्यांमार्फत चालत असे. दावे नाकारणे, कागदपत्रांत त्रुटी काढणे, विलंब लावणे याविषयीच्या तक्रारी वाढत गेल्या, तेव्हा २०२३ मध्ये शासनाने कंपन्यांना बाजूस सारून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आणली. अपघाती मृत्यूबद्दल दोन लाख रुपये आता शासन स्वतः देते. दुरुस्तीची दिशा योग्य होती.

पण ही योजनाही सातबारावर येऊन थांबते. खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांनाच तिचा लाभ. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा मृतांत व बाधितांत दुसऱ्याच्या शेतावर रोजाने फवारणी करणारे भूमिहीन मजूरही होते. त्यांच्या नावे सातबारा नव्हता, म्हणून किसान क्रेडिट कार्ड नव्हते. शासनाने त्या वेळी आपद्ग्रस्त कुटुंबांना दोन लाखांची मदत दिली, ती वर्तमानपत्रांतून ओरड झाली म्हणून. ओरड न झालेल्या मृत्यूंचे काय?

काय व्हावयास हवे

पहिली गोष्ट, जनधन कार्डावरील ९० दिवसांची अट पूर्णपणे काढून टाकावी. दुसरी, मृत खातेदाराचा वारस मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत येईल, त्याच दिवशी त्या खात्यावर व कार्डावर कोणकोणते विमे आहेत हे मराठीत लेखी कळविण्याची व दावा भरून पाठविण्याची जबाबदारी बँकेवर टाकावी. हे अशक्य नाही. धडक देऊन पळालेल्या गाडीच्या बाबतीत मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये देण्याची तरतूद एप्रिल २०२२ पासून आहे; तिचा लाभ फारच थोडे लोक घेतात असे दिसून आल्यावर जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही माहिती पीडितांस देण्याचे काम पोलिसांवर सोपविले. जे पोलिसांस लागू, ते बँकेस का लागू नसावे?

तिसरी, लहान गाडीमालकास टॅक्सी पासिंग व तिचा विमा परवडेल अशा दरात व सुलभ रीतीने मिळावा, आणि भाड्याच्या प्रत्येक करारात विमा कशाचा आहे व कशाचा नाही हे मराठीत ठळकपणे छापणे बंधनकारक व्हावे. चौथी, शासनाच्या अपघात अनुदानाची सीमा सातबाऱ्यावरून उचलून शेतात राबणाऱ्या प्रत्येक हातापर्यंत न्यावी.

या मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक गावात मागील वर्षभरातील अपघाती मृत्यूंची यादी ग्रामसभेत वाचून दाखविता येईल. कोणाजवळ कोणते कार्ड होते, कोणता हप्ता कापला जात होता, दाव्याची मुदत केव्हा संपते, हे पासबुक उघडून पाहता येईल. लिहितावाचता येणारी चार मुले एका रविवारी हे काम करू शकतील. गाडी ठरविताना पाटीचा रंग व विम्याचा कागद पाहण्याची सवयही याच मुलांनी लावावी.

अमरावती-अकोला रस्त्यावर १०५ तासांत काय होऊ शकते, हे जगाने पाहिले. तो विक्रम करण्यासाठी यंत्रे, माणसे व अधिकारी एका जागी आणले गेले, कारण ते काम व्हावे अशी वरच्यांची इच्छा होती. बोरगाव मंजूच्या एखाद्या विधवेस तिचे दोन लाख रुपये १०५ तासांत नव्हे, १०५ दिवसांत मिळावेत, एवढे मागणे त्या मानाने फार लहान आहे.